यातली नशेची गोळी काढून द्या

"मालक, यातली नशेची कुठली असंल ती काढून बाकीच्या द्या."

चिठ्ठी काउंटरवर सरकवत तो हे इतक्या हळू बोलला, की मागं उभ्या असलेल्या बाईंना ऐकू जाऊ नये. वय पंचेचाळीसच्या पुढं. पूर्वी यंत्रमागावर होता, आता टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला बसतो. दारू सुटून चौदा महिने झालेले. चिठ्ठी हाडांच्या डॉक्टरांची होती. ट्रामाडॉल हे अफूवर्गातलं वेदनाशामक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिवसातून दोनदा, सकाळी पित्ताची एक, रात्री कॅल्शियमची एक. मी विचारलं, "आधी पीत होता, ते डॉक्टरांना सांगितलं का?"

"मागल्या बारीला सांगितलं की. केसपेपरवर कायतरी इंग्रजीत लिहिलं आन् नुसतं मलम दिलं. ह्या बारीला नाही सांगितलं, तर ही दिली. आता तुम्हीच सांगा काय करू. कंबर लई दुखूलालीय."

गेली बावीस वर्षं मी सोलापूरच्या पूर्व भागात औषधाचं दुकान चालवतो. माझं शिक्षण दोन वर्षांची डी. फार्म. पदविका. कुठली गोळी कोणाला चालेल हे ठरवायचा अधिकार मला नाही, आणि तो नसावाच. पण या माणसाचा उपचार त्या संध्याकाळी प्रत्यक्षात ठरत होता तो माझ्या काउंटरवर, कुजबुजत, डॉक्टरांच्या पाठीमागं. खरं सांगावं तर औषध आटतं, लपवावं तर नको ते हातात पडतं. व्यसनातून उठलेल्या माणसाला आपण या दोनच वाटा ठेवल्या आहेत. मला वाटतं, आपल्याकडं व्यसन परत लागण्याच्या कितीतरी गोष्टी इथून सुरू होतात, आणि त्यांचा दोष मात्र त्या माणसाच्या 'मनाच्या कमकुवतपणा'वर टाकून आपण मोकळे होतो.

या शहरात दुखणं आणि दारू यांची सोयरीक जुनी आहे. यंत्रमागावर बारा तासांची पाळी. उभं राहायचं, तुटलेला धागा जोडायला वाकायचं, पुन्हा उभं राहायचं. कानात खडखडाट. घरी जाताना अंग असं आंबलेलं असतं की पाठ टेकवली तरी झोप लागत नाही. तिथं क्वार्टर कामाला येते. दारूनं दुखणं खरंच काही काळ बोथट होतं, हे आपण मान्य करायला हवं, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. ती औषध म्हणून वाईट आहे. मात्रा वाढत जाते आणि उतरली की दुखणं दुपटीनं अंगावर येतं. पूर्व भागात ताडीचंही तेच. झाडाची ताडी कितीशी असणार? जी विकली जाते, तिच्यात क्लोरल हायड्रेटसारखं झोपेचं रसायन घालतात. ती एकाएकी सोडली तर माणसाला झटके येऊ शकतात. म्हणजे अंगदुखीवर उतारा म्हणून लोक जे पीत होते, ते गुत्त्यात मिळणारं झोपेचं औषधच होतं. चिठ्ठीशिवाय.

सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' काढलं, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्ट्या मोडल्या आणि भट्टीवाल्यांना दुसऱ्या धंद्याला लावायचा प्रयत्न केला. चांगलं काम होतं. नुसती धाड टाकून परत फिरण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं. पण भट्टी मोडली म्हणून गिऱ्हाइकाची कंबर दुखायची थांबत नाही. त्या गिऱ्हाइकाच्या पुनर्वसनाचा विचार कुणी केल्याचं माझ्या बघण्यात नाही.

बायकांचं तर कुणी मोजतच नाही. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन सकाळपासून बसते. मान खाली, पाठ कमानीसारखी, गुडघे दुमडलेले, आणि मजुरी हजार विड्यांवर. चाळिशीच्या आत गुडघे जातात. दिवसातून चार वेळा दातांना मिश्री. तिला व्यसनी कुणी म्हणत नाही, त्यामुळं व्यसनमुक्तीचा सल्लाही कुणी देत नाही. ती माझ्याकडं येते आणि म्हणते, "ती लाल गोळी द्या, त्यानंच बरं वाटतंय." शिवाय कुणीतरी बाजारात दिलेली 'आयुर्वेदिक' पुडी असते. अशा कितीतरी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, म्हणूनच ती दोन दिवसांत पळायला लागते. सहा महिन्यांनी तोंड सुजतं, साखर वाढते, आणि पुडी बंद केली की अंगात उठायचं बळ राहत नाही. याला काय म्हणायचं ते म्हणा, पण गावातल्या अर्ध्या घरांत दुखण्याच्या पोटी कशाची ना कशाची सवय वाढते आहे.

दारू सुटल्यावर दुखणं मागं राहतं, आणि काही दुखणी तर दारूच मागं ठेवून जाते. वर्षानुवर्षं प्यायलेल्या माणसाच्या खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा आटू शकतो. हाड आतून मरतं, चालताना जांघेत कळ येते. पायांच्या नसा खराब होतात. रात्री तळपायांची अशी आग होते की माणूस फरशीवर पाय ठेवून बसून राहतो. स्वादुपिंड कायमचं सुजलं तर पोटातून पाठीत जाणारी जी कळ असते, ती पाहिलेल्या माणसाला पुन्हा विसरता येत नाही. दारू सोडल्यावरचे काही आठवडे अंग दुखण्याला जास्त हळवंही होतं. "सोडल्यापासून जास्तच दुखायलंय" असं कुणी म्हणालं, तर ते पिण्यासाठी शोधलेलं निमित्त आहे असं लगेच समजू नये.

यावर आपल्याकडं एक ठेवणीतलं उत्तर असतं: केलंस तसं भोग. हे मी पांढऱ्या कोटातल्या तोंडूनही ऐकलंय. हेल्मेट न घालता गाडीवरून पडलेल्याचं हाड आपण बसवतोच की. पेढे खाऊन साखर वाढवलेल्याला इन्सुलिन देतो, वर चहाही पाजतो. कर्माचा हिशेब फक्त दारुड्यापाशीच का काढायचा?

तरीही गोळी द्यायला घाबरणाऱ्यांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि ती मला डॉक्टरांपेक्षा जास्त चांगली ठाऊक आहे. ट्रामाडॉल, चिंतेवरची अल्प्राझोलाम, कोडीनचं खोकल्याचं औषध मागायला माझ्या दुकानात कोवळी पोरं येतात. चिठ्ठी नसते, असली तर झेरॉक्स असते. ही औषधं 'शेड्यूल एच-१' या कडक नोंदीच्या यादीत आली २०१४ मध्ये. तेव्हापासून विकली की डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या दिल्या हे वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. हे नियम उगीच आले नाहीत. अमेरिकेत काय झालं ते जगानं पाहिलं. १९८० मध्ये एका नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात पाच वाक्यांचं पत्र छापून आलं: रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गातली औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद. दाखल असलेल्या, नर्सच्या नजरेखालच्या रुग्णांबद्दलचं ते पत्र पुढं शेकडो लेखांत दाखला म्हणून फिरलं आणि घरी महिनोन्‌महिने गोळ्या खाणाऱ्यांनाही लागू केलं गेलं. १९९६ मध्ये ऑक्सिकाँटिन हे अफूवर्गातलंच वेदनाशामक बाजारात आलं. त्यानंतरची दोन दशकं म्हणजे स्मशानाचा हिशेब.

या गोष्टीचा दुसरा भाग मात्र आपल्याकडं कुणी सांगत नाही. चूक कळल्यावर तिथल्या सरकारी यंत्रणेनं २०१६ मध्ये कडक मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या इतक्या आंधळेपणानं राबवल्या गेल्या, की वर्षानुवर्षं ज्यांची औषधं चालू होती त्यांची ती एका फटक्यात बंद झाली. कुणी रस्त्यावरच्या मालाकडं वळलं, कुणी जीव दिला. अखेर २०२२ मध्ये सूचना बदलून सांगावं लागलं की आकडे म्हणजे कायदा नाही, रुग्ण बघून ठरवा, एकदम तोडू नका. ढिली मूठ आणि आवळलेली मूठ, दोन्हींनी माणसं मेली. आपण पहिला धडा पाठ केला आणि दुसरं पान उलटलंच नाही.

माझ्याही हातून हे झालंय. आठ-नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीतले एक मामा, दारू सुटलेले, पोटाच्या कळेनं वाकलेले, रात्री साडेनऊला दुकानात आले. चिठ्ठी होती, खरी होती, तारीख त्याच दिवशीची. पण मी त्यांना पूर्वी गटाराकडेला पडलेलं पाहिलं होतं. "स्टॉक नाही" म्हणालो. स्टॉक होता. ते त्या रात्री कुठं गेले हे सकाळी सगळ्या गल्लीला कळलं. पुढं ते सावरले की नाही, ते इथं लिहीत नाही. कायद्यानं बघितलं तर माझ्या वहीत एकही चूक नव्हती.

आता मुद्द्याचं. 'व्यसनी माणसाला दुखण्याची गोळी द्यावी का?' हा प्रश्नच तिरका आहे. ताकदीची गोळी किंवा काहीच नाही, अशा दोन टोकांत उपचार मावत नाही. साध्या पॅरासिटामॉलचं घ्या. लिव्हर खराब आहे म्हणून लोक तिला घाबरतात, आणि तिच्याऐवजी डायक्लोफिनॅकची सुई कंबरेत मारून घेतात. प्रत्यक्षात उलटं आहे. लिव्हर आकसलेल्या माणसाला डायक्लोफिनॅकच्या जातीची औषधं जास्त घातक. पोटात रक्तस्राव होतो, किडनी बसते. पॅरासिटामॉल मात्र डॉक्टरांच्या नजरेखाली, दिवसाला साधारण दोन ग्रॅमच्या आत, बहुतेकांना चालतं. नसांच्या आगीवर अॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन असतं. त्याची नशा चढत नाही. ती 'डिप्रेशनची गोळी' आहे असं गुगलवर वाचून लोक मला परत आणून देतात, आणि मी प्रत्येकाला समजावत बसतो. प्रीगॅबालिनही याच कामाचं, पण त्याची चटक लागलेली माणसं मी पाहिली आहेत, तेव्हा तिथं जपून. व्यायाम, शेक, कामाची बैठक बदलणं, झोप लावणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं. फक्त ते माझ्या दुकानात मिळत नाही, आणि ज्याचा रोज बुडतो त्याला फिजिओथेरपीच्या दहा फेऱ्या म्हणजे दहा अर्धे रोज. शस्त्रक्रियेला सरकारी योजना मिळते. या अर्ध्या रोजांची भरपाई कुठल्याच योजनेत बसत नाही, आणि माझ्या मते निम्मा उपचार तिथंच गळतो.

कधी ताकदीची गोळीही लागते. हाड मोडलं, पोट उघडलं, कॅन्सर झाला. तेव्हा 'हा पूर्वी प्यायचा' म्हणून त्याला तळमळत ठेवणं हा सावधपणा म्हणायचा नाही. उपचाराविना दुखण्यात तडफडणारा माणूस पुन्हा व्यसनाकडं वळण्याचा धोका मोजून दिलेल्या गोळ्यांच्या धोक्यापेक्षा लहान नसतो. मोजून म्हणजे: किती दिवस ते आधीच ठरलेलं, डॉक्टर एक, दुकान एक, आणि पूर्ण पाकीट एकदम हातात नाही. गोळ्या कुणाकडं ठेवायच्या, तर सगळे म्हणतात बायकोकडं. मला हे पटत नाही. त्या बाईनं दहा वर्षं बाटल्या लपवल्या, आता गोळ्या लपवायच्या? घरात पुन्हा पोलीस आणि चोर. आम्हा दुकानदारांची स्ट्रिप कापून द्यायची जुनी सवय आहे, दोन द्या, चार द्या. त्या सवयीला लोक नावं ठेवतात. इथं मात्र ती कामाची आहे. डॉक्टरांनी तसं चिठ्ठीवर लिहावं, मी रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या दोन गोळ्या देईन, आणि समोरासमोर विचारीन, काल झोप लागली का. तेवढी पाच मिनिटं माझ्याकडं असतात.

जी माणसं दारू किंवा अफू सुटावी म्हणून नाल्ट्रेक्सोन घेतात, त्यांचं वेगळंच. हे औषध अफूवर्गातल्या वेदनाशामकांची वाटच अडवतं. ते अंगात असताना ऑपरेशन झालं तर मॉर्फिन जातीची औषधं लागू पडत नाहीत. ठरलेलं ऑपरेशन असेल तर गोळी निदान तीन दिवस आधी थांबवावी लागते, आणि तातडीचं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना नस बधिर करण्यासारखे दुसरे मार्ग धरावे लागतात. उलट, अफूच्या व्यसनातून बाहेर येण्यासाठी जे ब्युप्रेनॉर्फिन घेतात, त्यांचं ते ऑपरेशनसाठी परस्पर बंद केलं तर सगळी घडी विस्कटते. आणि वर्षभर कोरड्या राहिलेल्या शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते. पूर्वीची मात्रा आता जीव घेऊ शकते. यातलं काहीही डॉक्टरांना तेव्हाच हाताळता येईल, जेव्हा रुग्ण तोंड उघडेल. आणि तोंड उघडल्यावर फक्त मलम मिळत असेल, तर तो का उघडेल?

मदत घेणारे मुळात किती थोडे आहेत ते पाहा. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या, २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार देशात दारूच्या विळख्यात सापडलेल्या अडतीस जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळतो. हा अडतिसावा माणूस सगळं सोसून काठावर आलेला असतो. त्याची कंबर हा किरकोळ विषय कसा असेल?

दारू सोडलेल्यांच्या बैठकांना जाणाऱ्या मंडळींमध्येही गैरसमज आहे. "गोळी घेतली म्हणजे पुन्हा सुरू झालं" असं एखादा जुना सदस्य नव्याला सुनावतो. या बैठका घेणाऱ्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्याच पुस्तिकेत औषधांबद्दल स्पष्ट सांगितलंय की सदस्यानं डॉक्टर होऊ नये. काही व्यसनमुक्ती केंद्रांत माणूस महिनाभर राहतो, भजन होतं, योगासनं होतात, समुपदेशन होतं. "कुठं दुखतं का?" हे घरी सोडताना कुणी विचारत नाही. हा एक प्रश्न निघतानाच्या कागदावर छापायला कितीसा खर्च येतो?

सोलापूरकरांनी मागावं असं मला जे वाटतं, ते फार मोठं नाही. आपल्या सिव्हिलमध्ये आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातूनही लोक येतात. वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासूनचं आहे. मानसोपचार, अस्थिरोग आणि भूलशास्त्र या तीन विभागांचा एकेक डॉक्टर आठवड्यातून एक सकाळ एका टेबलाला बसावा. एकच केसपेपर, एकच औषधांची यादी. आत्ता काय होतं? हाडांचे डॉक्टर म्हणतात, तुझं व्यसन आधी बघून घे. मानसोपचारवाले म्हणतात, दुखण्याचं हाडांच्या डॉक्टरांना दाखव. माणूस जिन्यातच राहतो, आणि जिना उतरला की समोर काय असतं ते सांगायला नको. त्या टेबलावर तेलुगू आणि कन्नड बोलणारं कुणीतरी हवंच. 'ठणका', 'कळ', 'चमक', 'मुंग्या' हे मराठीतसुद्धा वेगवेगळे आजार सांगतात. दुसऱ्या भाषेतून आलेल्या अक्कांनी नुसता हात कमरेवर ठेवला तर डॉक्टरांनी काय ओळखायचं? वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत लिहिलं की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर करावा. आदर म्हणजे मागेल ती गोळी देणं, असा अर्थ कुणी काढू नये. तपासणी त्याच्या शब्दापासून सुरू करावी, त्याच्या जुन्या लौकिकापासून नको, इतकंच.

त्या दिवशीच्या चिठ्ठीतली गोळी मी परस्पर वगळली नाही, आणि दिलीही नाही. त्याला बाकड्यावर बसवलं, विचारलं, "मी बोललो तर चालंल का?" बराच वेळ तो चप्पलकडं बघत राहिला, मग मान हलवली. डॉक्टरांना फोन लावला. आधी ते वैतागले, ओपीडी चालू होती. मग "किती वर्षं प्यायचा?" असं त्यांनी विचारलं. अठरा, म्हणालो. पलीकडं जरा शांतता. "त्याला उद्या परत पाठवा. मी मणका बघत बसलोय, खुबा बघायला पाहिजे."

एमआरआयमध्ये डावा खुबा निघाला. कंबरेचं दुखणं कंबरेचं नव्हतंच.

आता ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. परवा तो वहीचा एक कागद घेऊन आला. भूल देणाऱ्या डॉक्टरांना काय काय सांगायचं ते मराठीत लिहून द्या म्हणाला, आयत्या वेळी सुचत नाही. आम्ही लिहिलं: किती वर्षं प्यायलो, कधी सोडली, दारूसाठी चालू असलेल्या नाल्ट्रेक्सोनची ऑपरेशनआधीची शेवटची गोळी कोणत्या तारखेला घ्यायची, घरी गेल्यावर दुखण्याच्या गोळ्या रोज कुठल्या दुकानातून मिळतील. खाली त्यानं स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली. 'मला दुखल्यास औषध द्यावे.' मग कागदाची चौपदरी घडी घातली, टॉवेलाची घालतात तशी, आणि खिशात ठेवली.